उलटणारा ताप

8 जुलै

हेन्री व्हॅनडाइक कार्टरचं 'स्पिरिलम फीव्हर' अखेर वाचायला घेतलं. पुस्तक 1882 सालचं, लंडनला छापलेलं, पण त्यातले रोगी आपल्या मुंबईतले. जीवाणूंच्या पृष्ठभागावरची प्रथिनं आणि त्यांतली जनुकीय विविधता हा भाग दुसऱ्या वर्षाला शिकवायचा आहे. पाठ्यपुस्तकाने तो दीड पानात उरकलाय: व्याख्या, चार उदाहरणं, एक तक्ता. मुलं तक्ता पाठ करतात, लिहितात आणि विसरतात. यंदा एकच रोग हाताशी धरून जायचं ठरवलंय.

1876 साली दख्खनेत पाऊस गेला. सोलापूर, कलादगी, नगर, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसं घरदार सोडून निघाली आणि त्यातली पुष्कळ मुंबईला येऊन थडकली. दुष्काळी कामावरच्या मोठ्या माणसाला दिवसाला पौंडभर धान्य आणि वर एक आणा पुरे, हा सर रिचर्ड टेंपल यांचा हिशोब. पुण्याची सार्वजनिक सभा त्याविरुद्ध सरकारला कळवून कळवून थकली. पोटात नाही, अंगावरचं वस्त्र महिनोन्महिने तेच, झोपायचं तर एकमेकांना चिकटून. 1877 मध्ये या लोकांत तापाची साथ आली. कार्टर तेव्हा गोकुळदास तेजपाल रुग्णालयात, म्हणजे आजच्या जी. टी.त. त्याने रोग्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबड्या पेशींना ढोसत, नागमोडी वळत जाणारे बारीक धागे त्याला दिसले.

असे धागे बर्लिनच्या ओटो ओबरमायरने 1868 मध्येच पाहिले होते. छापायला त्याने पाच वर्षं घेतली, आणि 1873 मध्ये, छापून आलं त्याच वर्षी, तो कॉलऱ्याने गेला. भारतात हा जंतू पहिल्यांदा दाखवला तो कार्टरने. आज त्याचं नाव बोरेलिया रिकरेंटिस. लांबीला तांबड्या पेशीच्या दुप्पट-तिप्पट, जाडीला जवळपास काहीच नाही.

पण खिळवून ठेवतात ते त्या पुस्तकातले तापाचे आलेख. ताप एकदम चढतो, पाच-सहा दिवस वरच राहतो, मग एका रात्रीत घामाच्या धारा लागून कोसळतो. माणूस उठून बसतो, जेवायला मागतो. आठवडाभर सगळं ठीक, आणि पुन्हा तोच ताप. सहसा थोडा सौम्य, थोडा कमी दिवसांचा. रक्तही त्याच तालात: ताप असताना धागे खच्चून भरलेले, ताप उतरला की शोधून सापडत नाहीत, ताप उलटला की पुन्हा हजर.

एवढं सगळं त्याने टिपलं. का, ते सांगायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. प्रतिपिंड नावाची गोष्ट अजून कुणाला माहीत नव्हती, जनुक तर दूरच.

9 जुलै

हा कार्टर म्हणजे तोच, 'ग्रेज् अ‍ॅनॉटमी'तली चित्रं काढणारा. जगभरातल्या डॉक्टरांनी ज्या आकृत्यांवरून शरीर शिकून घेतलं, त्या त्याच्या हातच्या. 1858 मध्ये पुस्तक बाहेर पडलं आणि त्याच वर्षी हा मुंबईला आला. शीर्षकपानावर त्याचं नाव लहान टायपात जावं याची काळजी खुद्द ग्रेने घेतली होती. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षं काढली, हत्तीरोग नव्हे पण तितकंच पाय विद्रूप करणाऱ्या 'मदुरा फूट'वर ग्रंथ लिहिला, नॉर्वेला जाऊन कुष्ठरोग पाहून आला. तीसेक वर्षं इथे. आणि आपल्याकडे त्याचं नाव एकाही विद्यार्थ्याला ठाऊक नाही. मला तरी कुठे होतं, एम. एस्सी. होईपर्यंत.

12 जुलै

आज वर्गात आलेख फळ्यावर काढला. रोगाचं नाव सांगितलं नाही. दोन डोंगर, मधे दरी. विचारलं, पहिला डोंगर का संपतो?

हे मुलांना येतं. शरीराने प्रतिपिंडं तयार केली. या जंतूच्या बाबतीत तर ती फार लवकर तयार होतात. आयजीएम जातीची, टी पेशींच्या मदतीचीसुद्धा फारशी वाट न बघता. जंतूच्या बाहेरच्या आवरणावर एकाच प्रथिनाचे रेणू दाटीने बसलेले असतात. ज्या शेपट्यांनी तो वळवळतो त्याही आत, दोन आवरणांच्या मधे दडलेल्या. म्हणजे प्रतिपिंडांना बाहेरून हाताला लागतं ते मुख्यतः ते एक प्रथिन. ते ओळखलं की काम फत्ते. काही तासांत रक्त साफ.

मग दुसरा डोंगर का?

मागच्या बाकावरून आलं, "मॅम, जंतू आपलं प्रोटीन बदलतो. अँटिबॉडी आली हे कळल्यावर."

मी म्हणाले, "त्याला कळतं कसं?"

वर्ग शांत. मग एक मुलगी म्हणाली, "पुस्तकात तसंच दिलंय ना मॅम, प्रतिपिंडांना चकवण्यासाठी जंतू रूप बदलतो."

दिलंय खरं. सगळ्याच पुस्तकांत असतं. जंतू चकवतो, हुलकावणी देतो, वेश पालटतो, चोर आणि पोलिसांचा खेळ. लिहायला सोपं, वाचायला रंजक, आणि नेमकं मुद्द्याच्या उलट. प्रतिपिंडं पाहून कुठलाही जंतू काहीही बदलत नाही. पाहायला त्याच्याकडे काही नाही. बदल आधी झालेला असतो. ताप ऐन भरात असताना, प्रतिपिंडांचा पत्ता नसताना, त्या गर्दीत थोडे जंतू वेगळं प्रथिन पांघरून फिरत असतात. तेव्हा त्यांना त्याचा कणभर फायदा नसतो. मग प्रतिपिंडं येतात, बाकीचे मरतात, हे उरतात. दुसरा डोंगर त्यांच्या वंशाचा.

"म्हणजे लकी होते," मागचा बाक म्हणाला.

लकी म्हण. पण नशिबाचाही हिशोब मांडता येतो. उद्या मांडू.

13 जुलै

मांडला. आकडे गृहीत धरलेले आहेत हे आधी सांगितलं, नाहीतर ही मुलं परीक्षेत ठोकून देतात.

समजा, तापाच्या माथ्यावर रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये एक कोटी जंतू आहेत. अंगात पाच लिटर रक्त. म्हणजे पाच हजार कोटी. प्रथिन बदलण्याचा वेग बोरेलिया हर्मसी या चुलत भावात मोजलेला आहे: एका पिढीत हजारात एक ते दहा हजारांत एक. कमीतला कमी घेऊ, दहा हजारांत एक. म्हणजे एका पिढीत पन्नास लाख जंतू आधीच दुसऱ्या प्रथिनाचे.

पन्नास लाख म्हटल्यावर वर्गात कुजबुज झाली. हे मला आवडलं. 'क्वचित' या शब्दाचा अर्थ माणसांच्या मोजमापात एक असतो आणि जंतूंच्या गर्दीत भलताच.

पुढे: प्रतिपिंडांनी पहिली जात धुऊन काढली. उरले पन्नास लाख. त्यांना पुन्हा पाच हजार कोटींवर जायचंय, म्हणजे दहा हजार पटीने वाढायचंय. दोनाचे चार, चाराचे आठ असं करत साधारण तेरा-चौदा दुपटी. एक दुप्पट व्हायला दहा-बारा तास धरले तर सहा-सात दिवस.

फळ्यावर दरीची रुंदी लिहून ठेवली होती: आठवडा.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही, गृहीतकं जरा हलवली की दरी पाच दिवसांची होईल नाहीतर दहा दिवसांची. शिवाय ते पन्नास लाख सगळे एकाच नव्या प्रथिनाचे नसतात, प्लीहेत, यकृतात काय चाललंय ते या गणितात नाही. तरीपण अंदाज योग्य घरात पडतो, आणि कार्टरच्या आलेखातली ती रिकामी जागा रिकामी नव्हती हे दिसतं. त्या आठवड्यात रोगी बाहेर बसून भाकरी खात होता आणि आत दुपटी चालू होत्या.

17 जुलै

हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, ते कार्टरला ठाऊक नव्हतं. त्याने 1879च्या सुमारास माकडांना रोग्याचं रक्त टोचून ताप आणून दाखवला, पण निसर्गात सुई कोण टोचतो?

उत्तर नाशिकला मिळालं. नाशिक माझं माहेर, आणि हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही याचा जरा राग आहे. 1907 मध्ये पर्सिव्हल मॅकी तिथल्या एका मिशनच्या वसाहतीत साथ पाहायला गेला. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या राहत. जेवण तेच, पाणी तेच. मुलग्यांत ताप धडाधडा, मुलींत पुष्कळ कमी. फरक कशात, तर मुलग्यांच्या कपड्यांत अंगावरच्या उवा बुजबुजलेल्या, मुलींच्या कपड्यांत फार थोड्या. त्याने उवा चिरून तपासल्या आणि त्यांच्या पोटात तोच नागमोडी जंतू दाखवला. हा मॅकी पुढे परळच्या हाफकिन संस्थेचा संचालक झाला.

आमच्या लॅबमधले मामा स्लाइड धुता धुता ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे चावली की ताप?"

तसं नाही, हीच गंमत आहे. नुसत्या चावण्याने सहसा काही होत नाही. जंतू उवेच्या आतड्यातून तिच्या अंगातल्या द्रवात उतरतो आणि तिथेच अडकतो, बाहेर यायला वाट नाही. ती चिरडली तर मात्र तो द्रव बाहेर येतो आणि खाजवून सोललेल्या कातडीतून आत शिरतो.

"आणि आमची आजी तर दोन नखांत धरून टचकन फोडायची," मामा म्हणाले. "डोक्यातली हां मॅडम, अंगावरची नाही."

डोक्यातली ऊ आणि अंगावरची ऊ यांत फरक आहे हे मामांना ठाऊक आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्यांना नाही. अंगावरची ऊ कपड्याच्या शिवणीत राहते, अंडीही तिथेच घालते. कपडा रोज बदलला, उकळला, तर तिचा निभाव लागत नाही. म्हणूनच हा ताप युद्धात, तुरुंगात, दुष्काळात येतो आणि धुतलेल्या कपड्यापुढे माघार घेतो. आपल्याकडून तो गेला तो कुठल्या लशीने नव्हे.

20 जुलै

कार्टरनंतर लगेच, जिथे याचं कारण उलगडलं त्या अमेरिकेतल्या मोंटानाच्या प्रयोगशाळेत उडी मारणार होते. मधली शंभर वर्षं सोडून देणं बरोबर नाही वाटलं.

मद्रासमध्ये 1920च्या दशकात जॉन कनिंगहॅम हा डॉक्टर याच तापावर काम करत होता. त्याने विचारलेला प्रश्न साधा: पहिल्या तापातले जंतू आणि उलटलेल्या तापातले जंतू एकच आहेत का? दिसायला एकच. पण पहिल्या तापातून उठलेल्याचं रक्तद्रव घेतलं तर ते पहिल्या जंतूंना मारतं, दुसऱ्यांना हातही लावत नाही. म्हणजे रोगी तोच, जंतूचा वंश तोच, पण शरीराच्या लेखी ते दोन वेगळे. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे प्रकार वेगळे काढले, त्यांना अक्षरं दिली, कोणता कशानंतर येतो याचा माग ठेवला. 1934 मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये त्यांचा लांबलचक लेख आहे. त्याच सुमारास, 1928 मध्ये, मेलेनी या संशोधकानेही प्राण्यांवरचे प्रयोग करून असंच दाखवलं होतं.

डीएनए म्हणजे काय हे कळायच्या आधी, नुसतं रक्तद्रव आणि काचपट्टी घेऊन, त्या लोकांनी प्रश्न इतका नेमका केला की पुढच्यांना फक्त उत्तर शोधायचं राहिलं. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात मलेरिया आणि प्लेग यांनी सगळी जागा खाल्लीय, या कामाला ओळभरही मिळत नाही.

24 जुलै

आज मुख्य भाग. दोन तास लागले, मधली सुट्टी खाल्ली, मुलांनी माफ केलं.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात हॅमिल्टन गावात रॉकी माउंटन लॅबोरेटरीज आहे. तिथे हर्बर्ट स्टोएनरने बोरेलिया हर्मसीवर एक प्रयोग केला, 1982 मध्ये छापला. हा जंतू उवेतून नाही, गोचिडीतून येतो. उंदराला एकच जंतू टोचायचा. एक म्हणजे खरोखर एक. तो वाढू द्यायचा, उलटलेल्या तापातले जंतू गोळा करायचे, ओळख पटवणाऱ्या चमकत्या प्रतिपिंडांनी त्यांचे प्रकार मोजायचे. एका जंतूच्या वंशातून चोवीस प्रकार निघाले.

एक पेशी, चोवीस रूपं. म्हणजे बाहेरून कुणी मिसळलं नाही, कुठला दुसरा वंश घुसला नाही. ती सगळी रूपं पहिल्यापासून त्या एका पेशीतच होती, गप्प.

गप्प कशी? अ‍ॅलन बार्बर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढच्या काही वर्षांत ते उकलून दाखवलं. या जंतूकडे पृष्ठप्रथिनांची सुमारे साठ जनुकं आहेत. काही मोठ्या प्रथिनांची, काही लहान. पण त्यांच्यापुढे ती वाचायला सुरुवात करण्याची खूण नाही, त्यामुळे त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. वाचण्याची जागा अख्ख्या जंतूत एकच, एका प्लाझ्मिडच्या (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या तुकड्याच्या) टोकाजवळ. तिथे जे जनुक असेल त्याचंच प्रथिन अंगावर येतं. आणि हा प्लाझ्मिडही वेगळा, गोल नव्हे तर सरळ, दोन्ही टोकं केसाच्या पिनेसारखी वळून बंद केलेली.

घरात साठ कॅसेटी आणि टेपरेकॉर्डर एकच, असं समजावलं. त्यावर मुलांचे चेहरे कोरे. कॅसेट! मागे मामा हसले. शेवटी मामांनीच सांगितलं की कॅसेट आत घातल्याशिवाय गाणं वाजत नाही आणि एका वेळी एकच घालता येते. मग मी उरलेलं जोडलं: इथे मूळ कॅसेट कपाटातून हलत नाही. तिची नक्कल होते आणि वाजणाऱ्या कॅसेटवर ती चढते. जुनं गाणं पुसलं जातं, पण त्याची मूळ प्रत कपाटात सुरक्षित आहे, पुढे कधीही परत येऊ शकते. दोन्हीकडे डीएनएचे सारखे तुकडे असतात, त्या सारखेपणाच्या आधाराने ही नक्कल चढते, आणि ती एकतर्फी असते.

एक विद्यार्थिनी: "मग ही म्युटेशन नाही?"

नेहमीच्या अर्थाने नाही. म्युटेशन म्हणजे चूक, अक्षर बदललं, बहुतेक वेळा काहीतरी बिघडलं. इथे प्रत्येक पर्यायी प्रथिन आधीच पारखलेलं, चालणारं आहे. असंख्य पिढ्यांच्या निवडीतून साठलेलं. आंधळेपणा फक्त कोणती नक्कल केव्हा चढते यात आहे.

1985 मध्ये 'नेचर'मध्ये हे छापणाऱ्यांत रोनाल्ड प्लास्टर्क होता. तो पुढे नेदरलँड्सचा मंत्री झाला, आधी शिक्षणाचा, नंतर गृहखात्याचा. पोरांना हे जनुकांपेक्षा जास्त लक्षात राहील.

29 जुलै

मागच्या बाकाचा प्रश्न जाईना: "मॅम, सगळंच रँडम असेल तर साठही प्रकार पहिल्याच तापात थोडे थोडे येतील. मग शरीर सगळ्यांविरुद्ध एकदमच तयार होईल ना?"

याच्यासाठी मी शिक्षिका झाले, असं वाटावं असा प्रश्न.

फासा खरोखर सहा बाजूंना सारखा असता, तर जंतूचं नुकसानच होतं. सगळे पत्ते पहिल्याच डावात उघडे पडले असते. पण तसं होत नाही. प्रकार साधारण एका क्रमाने येतात. काही हटकून लवकर, काही हटकून उशिरा. कनिंगहॅमलाही याची चाहूल लागली होती. 2006 मध्ये बार्बर आणि मंडळींनी त्याचं कारण दाखवलं: गप्प जनुकाच्या आगेमागे जे सारखे तुकडे असतात, ते वाचण्याच्या जागेशी किती जुळतात आणि जनुकापासून किती अंतरावर आहेत, यावर त्याची पाळी लवकर येणार की उशिरा हे बरंचसं ठरतं. जे सहज जुळतं ते वारंवार चढतं, म्हणून ताप पहिल्यांदा उलटतो तेव्हा तेच पुढे येतं. अवघड जुळणारी मागे राहतात.

म्हणजे प्रत्येक जंतूच्या बाबतीत हिशोब आंधळा, पण फासा जड बाजूचा. तो कुणी जड केला? कुणी नाही. ज्या वंशांचा फासा तसा होता ते जास्त दिवस रक्तात राहिले, म्हणून जास्त उवांच्या, जास्त गोचिडींच्या पोटात गेले.

यावर मुलांचं पटकन समाधान झालं. माझं अजून होत नाहीये. जंतूकडे हेतू नाही हे मी ठासून सांगते, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या जनुकसंचात एक वेळापत्रक दाखवते. दोन्ही खरं आहे. पण बोलताना भाषा सारखी हेतूकडे घसरते, क्रियापदंच तशी आहेत आपली. कर्ता लागतो.

1 ऑगस्ट

मामांच्या भाचीला एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन असतं, संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपेला इजा झालीय म्हणून. आज तिला घेऊन गेले होते. तेवढ्यावरून, तो ताप ज्याच्या संसर्गानंतर येतो त्या स्ट्रेप्टोकोकसचं एम प्रथिन वर्गात उरकलं.

तेही पृष्ठप्रथिन, तीही विविधता, पण मांडणी उलटी. इथे एका रोग्याच्या आत बदलाबदल होत नाही. रिबेका लान्सफील्डने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत 1928 पासून प्रकार वेगळे करायला घेतले. आज जनुकाच्या सुरुवातीचा तुकडा वाचून दोनशेहून जास्त प्रकार ओळखले जातात. एका प्रकाराने घसा सुजला, बरा झाला, तर त्याच प्रकाराविरुद्ध संरक्षण वर्षानुवर्षं राहतं. फक्त दुसरा येतो. मग तिसरा. बोरेलिया जे एका माणसात दोन आठवड्यांत करतो, ते हा जंतू एका गावात दोन पिढ्यांत करतो. लस अडली आहे ती याच विविधतेपायी. आणि आपल्याकडे जे प्रकार फिरतात ते युरोप-अमेरिकेतल्या प्रकारांशी फारसे जुळत नाहीत, म्हणजे तिकडच्या यादीवर बेतलेली लस इकडे किती कामाची हाही प्रश्न.

पेनिसिलीन मात्र या जंतूवर अजूनही चालतं. तेवढं बरं.

6 ऑगस्ट

गोचीड राहिली होती.

ऑर्निथोडोरस जातीची ही गोचीड रात्री येते, वीसेक मिनिटं रक्त पिते, दुखवत नाही, परत फटीत. जुन्या लाकडी झोपड्यांत खारींच्या घरट्यांजवळ राहते. 1973 मध्ये ग्रँड कॅनियनच्या उत्तर काठावरच्या अशाच झोपड्यांत उतरलेल्यांत आणि तिथे काम करणाऱ्यांत मिळून 62 जणांना ताप आला होता. सकाळी उठून कुणाला काही चावल्याचं आठवतही नाही.

श्वान आणि हिनेबुश यांनी 1998 मध्ये दाखवलेली गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अजब वाटते. जंतू गोचिडीत गेला, थंडावला, की रक्तातलं प्रथिन उतरवून एक ठरावीक वेगळं प्रथिन अंगावर घेतो. गोचिडीत प्रतिपिंडांची भीती नाही, त्यामुळे तिथे विविधताही नाही, सगळ्यांचा एकच नमुना. गोचीड पुन्हा चावली, जंतू उबेत आला, की त्याच्या अंगावर परत येतं ते नेमकं तेच प्रथिन, जे गोचिडीने त्याला गिळलं तेव्हा होतं. वाचण्याच्या जागेवरची कॅसेट मधल्या काळात बदललेलीच नसते, फक्त आवाज बंद केलेला असतो.

इथे मात्र जंतूला 'कळतं'. तापमान कळतं. मागच्या बाकाने हे पकडलं आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बरोबर आहे त्याचं. ऊब आणि थंडी मोजण्याची यंत्रणा असू शकते, असते. प्रतिपिंड मोजण्याची नाही. कोणत्या बदलाला बाहेरचा इशारा लागतो आणि कोणता आपोआप घडतो, हे दर वेळी प्रयोगाने विचारावं लागतं, गोष्टीच्या ओघात ठरवता येत नाही.

उवेतल्या आपल्या बोरेलिया रिकरेंटिसचा जनुकसंच 2008 मध्ये वाचला गेला. तो आफ्रिकेतल्या एका गोचिडीच्या बोरेलियाचाच झिजलेला अवतार निघाला, बरीच जनुकं गळून गेलेली. उवेचा ताप एक-दोनदाच उलटतो, गोचिडीचा त्याहून कितीतरी जास्त वेळा.

10 ऑगस्ट

मुलांना वाटतं हा रोग संपला. इथिओपियात संपलेला नाही. 2015 मध्ये आफ्रिकेच्या शिंगातून निघून, वाळवंट आणि समुद्र ओलांडून इटली, जर्मनी, नेदरलँड्सला पोचलेल्या तरुण निर्वासितांत तो सापडला. महिनोन्महिने तेच कपडे, दाटीची झोप. ताप म्हणून मलेरियाची काचपट्टी केली आणि तंत्रज्ञाला मलेरियाऐवजी नागमोडी धागे दिसले. कार्टरने पाहिले तेच, जवळपास तशाच माणसांत.

उपचार स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलीन, बऱ्याचदा एकच मात्रा. पण ती देऊन घरी पाठवता येत नाही. एकाच वेळी इतके जंतू फुटतात की काही तासांत थंडी-कापरं भरून ताप आणखी चढतो, रक्तदाब कोसळतो, त्यात माणूस दगावूही शकतो. पलंगाशी बसून राहावं लागतं. उपचाराविना साथीत दहा ते चाळीस टक्के माणसं जात.

सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका आज दिली. 'प्रतिपिंडांना चकवण्यासाठी जीवाणू आपली पृष्ठप्रथिने कशी बदलतात, ते स्पष्ट करा' हा दरवर्षीचा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी आलेख दिला: ताप पाचव्या दिवशी उतरला, तेराव्या दिवशी उलटला. चौथ्या दिवशीचे जंतू ही 'अ' नळी, चौदाव्या दिवशीचे 'ब' नळी. आठव्या दिवशीचं रक्तद्रव दोन्हींत घातलं तर काय दिसेल, आणि का? शेवटचा पोटप्रश्न: 'ब' नळीतल्या जंतूंचं प्रथिन त्या रोग्याच्या रक्तात पहिल्यांदा आलं असेल ते पाचव्या दिवसाच्या आधी की नंतर?

मॉडरेटर मॅडम म्हणाल्या, शेवटचा पोटप्रश्न मुलांना जड जाईल, दोनाऐवजी एकच गुण ठेवा. मी दोनच ठेवलेत.